अनुमान

व्हरांड्यात पाच दुर्बिणी होत्या, सहा पुरुष आणि नऊ बाटल्या, त्यांतल्या सात रिकाम्या. सहावी दुर्बीण माझ्या हातात होती आणि मी पायरीखाली रस्त्यावर उभी होते.

घरी आरसे घासून दुर्बिणी बनवणाऱ्यांचं हे मंडळ रविवारी सकाळी वृषभावतीकाठच्या गुंडोच्या बारमध्ये जमायचं, कारण समोरचा जुना दगडी पूल व्हरांड्यापासून बरोबर साठ मीटरवर होता. पुलावर रेषांचं कार्ड धरायचं आणि रेषा उभ्या की आडव्या ते व्हरांड्यातून ओळखायचं. पाऊण मिलिमीटर अंतराच्या रेषा दहापैकी आठदा ओळखल्या की सभासदत्व. मला ते हवं होतं.

"अक्का, आत बेडा," गुंडो म्हणाला. "बायका आत आल्या तर माझं लायसन जाईल."

"आरसा घासलास की पोळपाटावर लाटलास, अहल्या?" अध्यक्ष रघुपती अण्णांनी विचारलं. व्हरांडा हसला. माझा भाऊ हयवदनही हसला. तो सभासद होता.

"घासला. चार इंची. माझं अनुमान आहे की अर्ध्या मिलिमीटरच्या रेषाही दिसतील."

अण्णांनी ग्लास खाली ठेवला. "ऐकलंत? पोरीस स्वतःसच अनुमान आहे!"

आता सगळेच हसले. बंगळूरच्या आमच्या जुन्या घरांतल्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की अनुमान म्हणजे शंका. मी पुण्याला बी.एस्सी. केलं. तिथे अनुमान म्हणजे मोजमापांवरून काढलेला निष्कर्ष. अर्थ समजावून सांगायचा विचार मनात आला आणि गेला.

"अनुमान तुम्हालाही आहे ना, अण्णा? मग तपासा. मी पुलावर जाते. कार्ड तुम्ही इथे धरा."

"दुर्बीण इकडे, कार्ड तिकडे. अशीच रीत आहे."

"पूल काय तिकडून जवळ येतो?"

गुंडो फसकन हसला. हयवदन मान खाली घालून म्हणाला, "अंतर तेच राहतं, अण्णा."

"स्वल्प थांब रे तू," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "सरी. पाऊण मिलिमीटरचं कार्ड आणा."

"अर्ध्याचं," मी म्हणाले.

"ते आजवर कुणी वाचलेलं नाही."

"म्हणूनच."

पुलाच्या कठड्यावर तिकाटणं टेकवलं. खालून कपडे आपटल्याचे आवाज येत होते. अण्णा कार्ड पाठीमागे नेऊन फिरवत आणि पुढे धरत.

"उभ्या!" मी ओरडले. हयवदनने पाटीवर खूण केली.

"आडव्या! ... आडव्या! ... उभ्या!"

पुढच्या वेळी नळीत नुसतं पांढरं दिसलं. नेत्रकाच पुढेमागे सरकवून पाहिली, तरी पांढरंच.

"कोरी बाजू आहे, अण्णा! ही मोजायची का?"

व्हरांड्यातून या वेळी जो हशा आला तो माझ्यावर नव्हता. अण्णांनी कार्ड उलटलं, आणि नंतर ते जरा जास्तच वेळ पाठीमागे फिरवू लागले.

दहावं उत्तर देऊन मी दुर्बीण उचलली आणि पायरीपर्यंत परत आले. पाटी अण्णांच्या हातात होती. ते ती मनातच वाचत होते.

"मोठ्यानं," मी म्हणाले.

अण्णा खाकरले. "अंतर साठ मीटर. रेषा अर्धा मिलिमीटर. दहापैकी नऊ."