खुशालमामांनी न पाहिलेला शेवट

अकोल्याच्या जुन्या शहरात खुशालमामांचं फुलांचं दुकान आहे आणि खुशालमामांनी आजवर एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी अगदी जवळचा संबंध आहे. फूल थांबत नाही, म्हणून मामाही कुठे थांबत नाहीत. लग्नात ते पहिल्या पंगतीला जेवतात आणि दुसरी पंगत बसेपर्यंत मोर्णा नदीचा पूल ओलांडून दुकानात पोचलेले असतात. सिनेमात मारामारी ऐन रंगात आली की ते खिशातून स्कूटरची चावी काढतात. एकदा गर्दी सुटली की स्टँडमधून गाडी निघायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास मामांना आयुष्यात कुणालाच द्यायचा नाही.

"शेवटी काय होते व मोना? हिरो जिंकते," ते म्हणतात. "त्याच्यासाठी अर्धा घंटा काहून द्याचा?"

त्यांच्या भाचीला, मोनालीला, हे सगळं माहीत होतं. तरी राखीला आईबरोबर अमरावतीहून अकोल्याला आल्यावर मामांनी "ओवाळणीत तुले काय पायजे?" असं विचारलं, तेव्हा ती पटकन म्हणाली, "उल्कामॅन!" नव्या माणसासारखा नवा उत्साह तिच्या अंगात होता. जूनपर्यंत वर्गात हजेरीला "हजर" म्हणतानाही जिचा आवाज बसायचा, ती मोनाली जुलैमध्ये परिपाठाला एक उतारा वाचायला उभी राहिली काय, सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या काय, आणि तेव्हापासून तिला थांबवणं कुणालाच जमेना. शाळेनं इंटरनेटवर स्वतःचं पान सुरू केलं होतं. त्याचा संपादक नववीतून निवडायचा होता. रागिणी मॅडमनी सांगितलं होतं की ज्याचा लेख सगळ्यात चांगला, त्याच्याकडे पान. लेख सोमवारपर्यंत द्यायचा, नाव गुरुवारी जाहीर होणार. मोनालीला ते पान इतकं हवं होतं, की तिनं वहीच्या मागे "संपादक: मोनाली" असं अकरा वेळा लिहून पाहिलं होतं. वेगवेगळ्या अक्षरांत.

तर, उल्कामॅन. आकाशातून एक हिरवा खडा पडतो, तो एका साध्यासुध्या इंजिनीअरला सापडतो आणि मग तो उडायला लागतो. पोशाख रबरी, गळ्यापासून टाचेपर्यंत घट्ट. मोनालीला पहिला प्रश्न पडला तो हाच, की अकोल्याच्या मे महिन्यात हा माणूस हे घालून टॉवर चौकात दहा मिनिटं उभा राहील का? दुसरा प्रश्न त्याच्या बहिणीचा. तारा तिचं नाव. ती पूर्ण सिनेमाभर भावाला डबा नेऊन देते आणि दर वेळी डबा घेऊन निघाली की खलनायक तिला पळवतो. तीन वेळा! तिसऱ्यांदा तरी बाईनं रस्ता बदलावा की नाही?

मामांना मात्र सिनेमा फार आवडला. खारे दाणे खात ते मोठ्यानं म्हणाले, "याचं बरं हाय बाप्पा. उडून जाते. याले पार्किंगचं टेन्शन नाई." मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं, तशी मामांची छाती फुगली.

शेवटची लढाई आली. उल्कामॅन उंच मनोऱ्याच्या टोकाला लटकलेला. खलनायकानं ताराला पकडलेलं. आणि उल्कामॅनच्या मुठीतून तो हिरवा खडा निसटला. खडा पडतोय, हळूहळू पडतोय, संगीत थांबलं, अख्खं थिएटर श्वास रोखून बसलं, आणि मोनालीच्या खांद्यावर मामांचा हात पडला.

"चाल."

"मामा! पाच मिनिटं!"

"पाच मिनिटांत पन्नास गाड्या आडव्या होतेत. चाल, चाल."

स्कूटर खरंच पहिली निघाली. जिंकल्यासारखे मामा पुलावरून गेले. मागे बसलेल्या मोनालीच्या डोक्यात तो खडा अजून पडतच होता.

रविवारी बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत पडत होता, अमरावतीला घरी आल्यावर पडत होता, आणि लेख लिहायला बसली तेव्हाही तो काही खाली पोचला नव्हता. लेख मात्र झरझर उतरला. रबरी पोशाख झाला, डब्याचं झालं, मामांचं पार्किंगचं वाक्य तिनं स्वतःच्या नावावर घातलं. आता शेवट. मैत्रिणीला, आरतीला विचारावं, तर तिनं सिनेमा पाहिला नव्हता. मग मोनालीला वाटलं, खडा कुठे पडायला हवा ते मला कळतंच की! तो पडतो ताराच्या हातात. तारा तो जवळच्या राखीत गोवते, जी भावाला बांधायची राहून गेलेली असते. आणि भावाला न देता स्वतःच्याच हाताला बांधून उडते. खलनायक गार. भाऊ खाली उभा राहून डबा उघडतो.

तिला तो शेवट इतका आवडला, की लिहून झाल्यावर तो आपण पाहिलेला नाही ही गोष्ट तिला अगदी बारीक वाटायला लागली. तिनं लेख पाठवून दिला. सोमवारी मॅडमनी तो पानावर टाकला, "सुरेख" असं म्हणून.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत शिवम तिच्या बाकापाशी आला. शिवम म्हणजे संपादकपदाचा दुसरा उमेदवार. त्यानं शाळेच्या पाण्याच्या टाकीवर लेख लिहिला होता. त्यात सगळं खरं होतं आणि तो कुणी शेवटपर्यंत वाचला नव्हता.

"ए मोनाली, राखी कोठून आणली व तू? मी पाह्यला ना सिनेमा. तो खडा उल्कामॅन पायानं झेलते."

"कशानं?"

"पायानं! असा लटकून राहिला अस्ते, अन् असा बूट वर करते, अन् बुटाच्या टोकावर..." शिवमनं एका पायावर उभं राहून करून दाखवलं. तो बाकावर आपटला. सगळा वर्ग खदाखदा हसला.

"अबे, तो सुपरहिरो हाय का फुटबॉलवाला?" कुणीतरी ओरडलं.

"खरं सांगून राहिलो ना मी!"

"मग 'गवसलं'ले विचारू," आरती म्हणाली.

'गवसलं' हे नवीन सर्च इंजिन त्या महिन्यात सगळ्यांच्या तोंडी होतं. जुन्या सर्चमध्ये विचारलं की पन्नास ठिकाणं समोर यायची आणि तुम्ही बसा निवडत. 'गवसलं' तसं नव्हतं. मराठीत विचारा, मराठीत एकच उत्तर, मोठ्या जाड अक्षरात. आणि 'माहीत नाही' हा शब्द त्याला माहीतच नव्हता. मोनालीनं एकदा 'आईचा राग कसा घालवावा' असं विचारलं होतं, तर त्यानं आधी आईला कोमट पाण्यात भिजवायला सांगितलं होतं. बहुतेक ते साबुदाण्याचं उत्तर असावं. पण सांगण्याचा रुबाब असा, की क्षणभर तिनं बादलीकडे पाहिलं होतं.

संगणकाच्या खोलीत दहाबारा जण जमले. आरतीनं टाइप केलं: उल्कामॅनचा शेवट काय?

मोनालीला वाटलं, संपलं आता. उद्या गुरुवार.

पडद्यावर जाड अक्षरं आली: *तारा हिरवा खडा राखीत गोवून स्वतःच्या मनगटाला बांधते आणि उडते. भाऊ खाली उभा राहून डबा उघडतो.*

"हाऽऽऽ!" सगळी खोली ओरडली.

"शिवम, झोपला होता का बे तू?"

"स्वप्नात झेलला असन यानं खडा!"

"पायानं!"

शिवम पडद्याकडे बघत राहिला. मोनालीही बघत राहिली, पण तिची नजर जाड अक्षरांखाली गेली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, उत्तर कुठून घेतलं ते. त्यांच्या शाळेचं नाव होतं. लेखिका: मोनाली, नववी ब. उल्कामॅनबद्दल मराठीत तिच्याशिवाय कुणी काही लिहिलंच नसावं. त्या रुबाबदार इंजिननं सगळं जग पालथं घालून शेवटी तिलाच विचारलं होतं, आणि तिचंच ऐकून तिलाच सांगितलं होतं.

तिनं पटकन पडद्यावरचा मजकूर खाली सरकवला. मुंग्या दिसेनाशा झाल्या.

शाळा सुटेपर्यंत शिवमचं नाव 'झोपेश' पडलं होतं. सायकल काढताना तो मोनालीपाशी आला. भांडायला नाही. हळूच म्हणाला, "मोनाली, खरंच मी झोपलो अशीन का व? मले तं बूट दिसला होता. लाल होता."

तो तावातावानं भांडला असता तर मोनालीला चाललं असतं. पण लाल बूट? त्याला बुटाचा रंग आठवत होता आणि तरी तो स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत होता, तिच्यामुळे. जूनमधल्यासारखा आवाज बसला.

घरी आली तर मामांचा फोन.

"मोना, तुले सांगतो, मजाच झाली! आपल्या बाजूचा सहदेव हारवाला हाय ना, तो म्हणे खडा पायानं झेलते. म्या म्हटलं, अबे, माह्या भाचीनं लिहून ठेवलं हाय. तं ऐकेच ना. मंग म्या मोबाईलवर 'गवसलं'ले विचारलं. तं तेच निघालं! राखी! सहदेवचं तोंड पाहाले पायजे होतं तू. आता अख्ख्या फूलबाजाराले मीच शेवट सांगून राहिलो."

"मामा," मोनाली म्हणाली, "आपण तर शेवट पाहिलाच नाही."

"तं काय झालं? छापून आलं ना!"

गुरुवारी परिपाठात मॅडम नाव जाहीर करायला कागद उघडत होत्या, तेवढ्यात मोनाली पुढे गेली. आवाज आला, आणि तो चांगला खणखणीत आला. तिनं सगळं सांगितलं: मामांची चावी, पडत राहिलेला खडा, राखी, मुंगीएवढी अक्षरं. "मी ती लपवली," ती म्हणाली. "शिवम झोपला नव्हता. झोपले असेन तर मीच, जागेपणी."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे तो खरंच पायानं झेलते?" आणि सगळे पुन्हा हसले, या वेळी उल्कामॅनला.

रागिणी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागद परत घडी घालून पर्समध्ये ठेवला. "लेख आज पानावरून उतरवते. नाव पुढच्या गुरुवारी. शेवट पाहून ये मोनाली, आणि मग लिही. बसून पाहायचा, पूर्ण."

अमरावतीतून तोवर सिनेमा उतरला होता. अकोल्यात दुपारचा एक खेळ उरला होता. रविवारी मामा तिला घेऊन गेले, पण तोंड एवढंसं करून. सहदेवसमोर माघार घ्यायची होती ना. खडा पडायला लागला, तसा सवयीनं त्यांचा हात खिशात गेला. मोनालीनं ती चावी काढून घेतली आणि स्वतःच्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"अव, पन्नास गाड्या..."

"बसा."

खडा पडला. पाय वर आला. बूट लाल होता. हिरो जिंकला.

"पाह्य," मामा उठत म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

"अजून नावं आहेत. पूर्ण पाहायचं आहे मला."

नावं सरली, दिवे लागले, निम्मे लोक गेले. आणि मग पडद्यावर अचानक ढिगाऱ्याखाली खलनायकाचा एक डोळा उघडला. काळोख. बस्स.

मामा उभ्याचे बसले. "अबे! हा तं जित्ता हाय!" ते थिएटरभर ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हणजे शेवट झालाच नाई? मंग इतके वर्षं म्या काय सोडलं? काहीच नाई! हिशोबात बरोबरच होतो मी!" बाहेर त्यांची स्कूटर साठ गाड्यांच्या आत अडकली होती आणि ते पाऊण तास भेटेल त्या माणसाला सांगत राहिले, की सिनेमाचा शेवट नसतोच, आपल्याले पहिलेच माईत होतं.

मोनालीनं नवा लेख सोमवारी दिला. संपादक शेवटी शिवम झाला. तो प्रत्येक लेख दोनदा तपासतो, आणि टाकीवरचा पुढचा लेख त्यानं मोनालीकडून लिहून घेतला, कारण लोकांनी तो शेवटपर्यंत वाचावा असं त्याला मनापासून वाटतं. तिच्या नव्या लेखाचं पहिलंच वाक्य होतं, 'शिवम झोपला नव्हता.' खाली मग बूट, डोळा, मामा, सगळं रीतसर.

दोन आठवड्यांनी आरतीनं गंमत म्हणून 'गवसलं'ला पुन्हा विचारलं, उल्कामॅनचा शेवट काय?

जाड अक्षरात, पूर्वीच्याच रुबाबात उत्तर आलं: *शिवम झोपला नव्हता.*