पहिला फोन कुणाला

फौजेच्या कचेरीतून पत्र आलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. 'आपल्या मुलीच्या विनंतीवरून आपले नाव पहिल्या क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकावर घेण्यात आले आहे.' म्हणजे उद्या पोरीला काही झालं, तर पहिला फोन मला नाही. नऊ महिने पोटात वागवलं मी आणि माझा नंबर दुसरा! पहिला कुणाचा, तर त्या कवळीवालीचा.

कवळीवाली म्हणजे दातांच्या कवळ्या बनवते ती. आमची पोरगी फौजेत ट्रक दुरुस्त करते आणि सहा वर्षं हिच्याबरोबर राहते. मला सांगितलं, मैत्रीण आहे. मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण मी गप्प, त्या दोघीही गप्प, कारण वर कळलं असतं तर पोरीला गाशा गुंडाळून घरी पाठवलं असतं. तसा नियमच होता. आता सरकारला उपरती झाली. बाईचं बाईवर प्रेम असलं तरी खुशाल नोकरी करा, जोडीदाराचं नाव घरच्यांत लिहा. लिहा की! पण माझ्या डोक्यावर कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळीच कचेरीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. मागोमाग कवळीवाली धापा टाकत हजर. पोरगी सरहद्दीवर, तिनेच हिला पिटाळलं असणार, आई तमाशा करेल म्हणून.

"आजी, पहिल्या ओळीत एकच नाव बसतं," खिडकीतला कारकून म्हणाला.

"आजी कुणाला म्हणतोस रे? ओळ लांब कर."

"काँप्युटर घेत नाही."

"त्याला सांग, तिची आई आलीय."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी गर्रकन वळले आणि माझी वरची कवळी सटकली. कवळीवालीने लगेच रुमाल पुढे केला. "सैल झालीय, काकू. संध्याकाळी बसवून देते." ती कवळी हिनेच केलेली. तिच्याच दातांनी तिच्याशी भांडायचं म्हणजे पंचाईतच की हो!

कवळी जागेवर बसवून मी पुन्हा सुरू झाले. "अगं, फोन आधी मला आला तर तुझं काय बिघडतं? मी सांगेनच ना तुला!"

एरवी ही उलट बोलत नाही. आज बोलली. "मागच्या वर्षी नाही सांगितलंत."

कारकुनाने मान खाली घातली.

मागच्या वर्षी ट्रकचा जॅक सरकला आणि पोरगी खाली सापडली. तीन दिवस शुद्ध नव्हती. फोन मला आला. मी दिराला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. हिला नाही. हिने याच खिडकीवर विचारलं, तर 'फक्त घरच्यांना सांगतो' म्हणाले. मग माझ्या दारात आली, दोनदा. मी दार अर्धं उघडून म्हटलं, ड्यूटीवर असेल. का म्हटलं? राग होता. ही कोण आमची, असं वाटत होतं. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

तोंडात बत्तीस दात होते, पण बोलायला तोंड नव्हतं. तरी विचारलं, "आणि फोन तुला आला, तर मला कधी सांगशील?"

"फोनवर नाही सांगणार, काकू."

"बघा, बघा!" मी कारकुनाला म्हटलं.

"तुम्ही घरात एकट्या असता," ती म्हणाली. "तशीच निघून येईन. तुमच्याजवळ बसून सांगेन."

डोळे पुसायला तिचाच रुमाल हातात होता, तो वापरला.

कारकुनाने घसा साफ केला. "मग, मावशी, तक्रार लिहून घेऊ?"

"कसली तक्रार? हिचा नंबर काय लिहिलायस तो मोठ्याने वाच. एक आकडा चुकला तर आमच्या घरी कुणालाच कळायचं नाही."

त्याने वाचला. तिने मान हलवली.

"पुन्हा वाच," मी म्हटलं.