पांढरी गोळी

सासूबाईंना सोमवारी वृद्धाश्रमात पोचवायचं, हे घरात ठरून गेलं होतं. पंधरा दिवसांत त्या तीनदा पडल्या होत्या. उठल्या की भोवळ! वय झालं, असंच सगळे म्हणत. मुलगा सतत फिरतीवर, सून नोकरीवर, दिवसभर सोबतीला कामाच्या मावशी. डोळ्यांत तेल घालून तरी किती पाहायचं?

सासूबाई बॅगेत साडी ठेवत होत्या, पुन्हा काढून घडी घालत होत्या. ते पाहून सून भरलं ताट बाजूला सारायची.

शुक्रवारी सकाळी, पडून फुटलेल्या गुडघ्याची पट्टी बदलायला नर्सबाई आल्या. त्यांनी सासूबाईंचा रक्तदाब आधी निजवून, मग उभं करून मोजला. उभं राहताच तो एकदम खाली आलेला पाहून त्या थबकल्या.

"रक्तदाबाची गोळी चालू आहे का?"

"नाही हो, डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वीच फोनवर बंद करायला सांगितली," सून म्हणाली. "मी लगेच मावशींना सांगितलं, पांढरी बंद करा."

"आणि मी केली की," मावशी म्हणाल्या. "हे बघा, पाकीट तसंच पडलंय."

नर्सबाईंनी पाकीट उलटून वाचलं. "ही तर हाडांची."

मावशींनी डबा उघडला. रक्तदाबाचीही पांढरीच! रोज न चुकता दिलेली.

सुनेने दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून नावं वाचली. नर्सबाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, गोळी थांबवली, मग पाणी पीत म्हणाल्या, "माया कमी नाही तुमच्या घरात. पण डॉक्टर तुम्हाला सांगतात, तुम्ही चपला घालता घालता मावशींना. आणि मावशी, आजी पडल्याचं डॉक्टरांना कोणी कळवलं?"

"मला कोण विचारतंय?"

"तेच तर. ताई, औषध रंगाने नाही, नावाने सांगायचं. आणि लिहून."

सोमवारचं जाणं पुढे ढकललं आणि त्याच दिवशी सासूबाईंच्या उशाशी औषधांची वही आली. मावशी, सून, मुलगा, नर्सबाई, सगळ्यांचं अक्षर तीत उमटू लागलं. डॉक्टरही तीच बघू लागले.

आठव्या दिवशी सासूबाई कुणाचा हात न धरता दारापर्यंत चालत गेल्या. सुनेने मनोमन हात जोडले.

दारातून वळून सासूबाई म्हणाल्या, "वय झालं म्हणत होता ना? वय आहे तिथेच आहे बाई, भोवळ तेवढी गेली. आता ती बॅग माळ्यावर टाक."

सून हसता हसता रडली.

आपल्याही घरी चार हात एका थकल्या जिवाला सांभाळत असतील. त्या हातांचं एकमेकांशी बोलणं आहे ना, एवढं आजच बघा.