दोन खोल्यांत मिळून एक खण

मोटेल धक्क्याला इतकं खेटून उभं होतं, की भरतीचं पाणी व्हरांड्याखाली शिरून फळ्यांना गुदगुल्या करून जायचं. एका रांगेत सहा खोल्या, समोर लांब लाकडी व्हरांडा, कठड्यावर कुणाकुणाची जाळी वाळत घातलेली आणि काउंटरवर एक पितळी घंटा. खिडक्या गोल, होडीला असतात तशा. खोलीच्या किल्लीला जाळ्याचं बूच बांधलेलं, म्हणजे किल्ली पाण्यात पडली तरी बिचारी तरंगावी.

"सगळं सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं बांधलंय," मालकीणबाई कौतुकानं म्हणाल्या. "आयुष्यभर होड्या बांधल्या हो त्यांनी. घर कसं बांधतात हे त्यांना कुणी सांगितलंच नाही."

ताईंनी खोली क्रमांक तीनमध्ये पाऊल टाकलं आणि त्यांना ते लगेच पटलं. पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे होते, माणूस झोपेत समुद्रात पडू नये म्हणून. कपाटाचं दार कडी काढल्याशिवाय हलत नव्हतं. आणि उशाशी, जमिनीलगत, थेट भिंतीतच एक रुंद खण होता, पितळी मुठीचा.

ताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अडतीस वर्षं 'शांत बसा' असं ओरडण्यात गेलेली, त्यामुळे स्वतः शांत बसायची सवय अशी नव्हतीच. तरीही पाठच्या सख्ख्या बहिणीशी त्या गेली सहा वर्षं एक अक्षर बोललेल्या नव्हत्या. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. धाकटीनं नवं घर घेतलं. ती इस्पितळात नर्स. तिनं हौसेनं फिकट हिरवे पडदे लावले आणि ताई दारातच म्हणाल्या, "अगंबाई, दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय." धाकटी फटकन म्हणाली, "मग आजाऱ्यासारखी गप पडून राहा." झालं! ताई पाणीसुद्धा न पिता दारातूनच माघारी फिरल्या. तेव्हापासून 'तिला सांग' आणि 'तिला विचार' एवढ्यावर नातं तगून होतं, आणि हे सांगणं-विचारणं करायला बाळ होता.

बाळ म्हणजे दोघींचा भाऊ. वय पंचेचाळीस, मिशी झुबकेदार, दारातून आत यायचं तर आडवं व्हावं लागायचं, पण बहिणींसाठी बाळच. बारा वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर राबून त्यानं आता स्वतःची होडी बांधली होती. ती उद्या पाण्यात उतरायची होती.

"दोघींनी मिळून पहिल्यांदा हात लावायचा," त्यानं दोघींना वेगवेगळ्या फोनवर बजावलं होतं. "नाहीतर मी होडी उतरवत नाही. सहा वर्षं तुमचे निरोप वाहतोय. एवढ्यात मी मासे किती वाहिले असते!"

ताई आल्या त्या दुपारीच त्यानं खोलीवर येऊन इंजिनाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "ही सांभाळ. जोडकिल्ली मी परवाच हरवलीय. उद्या साडेअकराला उधाणाचं पाणी आहे, होडी तरंगली की लगेच इंजिन सुरू व्हायला हवं, नाहीतर लाट तिला खडकावर नेऊन आपटेल. आणि हे पाणी चुकलं तर एवढी मोठी भरती पुन्हा पंधरा दिवसांनी."

"काळजी करू नकोस," ताई म्हणाल्या. "माझ्याकडून आजवर शाळेचा खडूसुद्धा हरवलेला नाही."

असं म्हणून त्यांनी किल्ली उशाजवळच्या खणात ठेवली. शेजारी चष्म्याचं घर, गुडघ्याला चोळायचं तेल आणि बिस्किटांचा पुडा. आणि त्या धक्क्यावर चहा प्यायला गेल्या.

परत येऊन बघतात तो खणात पुड्यातली तीन बिस्किटं गायब, तेलाची बाटली आडवी आणि मधोमध पावडरचा एक भलामोठा डबा. ताईंनी पावडर आयुष्यात लावली नव्हती. 'मोटेलची असेल, जुन्या पद्धतीचं आहे ना,' असं म्हणून त्या बिस्कीट घ्यायला वाकल्या, तोच खण त्यांच्या डोळ्यांदेखत भिंतीत निघून गेला.

ताईंनी मूठ धरून ओढली. खण परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. आणि मग फटीतून त्यांना पलीकडचा हात दिसला. मनगटावर घड्याळ होतं, पण तबकडी आतल्या बाजूला. नाडी बघताना बरं पडतं म्हणून नर्स बांधतात तसं.

म्हणजे हा खण भिंतीच्या आरपार होता! सासऱ्यांनी लाकूड वाचवायला दोन खोल्यांत मिळून एकच खण ठोकला होता, आणि दुसऱ्या खोलीत साक्षात धाकटी होती.

पलीकडूनही ताईंच्या हातातल्या अंगठीची ओळख पटली असावी, कारण ओढणारा हात क्षणभर थबकला, मग दुप्पट जोरानं ओढू लागला. दोघी जमिनीवर बसून, भिंतीला पाय लावून, तोंडातून चकार शब्द न काढता ओढत होत्या. शेवटी खाऱ्या हवेनं फुगलेल्या त्या लाकडानंच हात टेकले. करकर करून खण बरोबर मधोमध अडकला. दोन्हीकडे दोन-दोन बोटं फट. किल्ली मात्र भिंतीच्या पोटात.

रात्रीत लाकूड आकसेल या आशेवर दोघी झोपल्या. ते आणखीच फुगलं.

सकाळी दहा वाजता ताईंनी मालकीणबाईंना गाठलं. "कुऱ्हाड आहे का?"

"कुऱ्हाड? अहो, सासऱ्यांनी या भिंतीत एक खिळा मारलेला नाही. सगळं एकमेकांत अडकवलंय. तो खण फोडाल तर सहाच्या सहा खोल्या समुद्रात!" मालकीणबाई हसल्या. "सोपं आहे हो. एकीनं ओढायचं, दुसरीनं त्याच वेळी ढकलायचं. मीच केलं असतं, पण मी खाली बसले तर उठवायला क्रेन आणावी लागते. आणि गावातलं बाकी माणूस न् माणूस तुमच्या भावाच्या होडीकडे गेलंय."

"मग तिला सांगा, ढकल म्हणावं."

मालकीणबाई चार नंबरकडे जाऊन परत आल्या. "त्या म्हणतात, तिला सांगा, तूच ढकल म्हणावं."

"तिला सांगा, मोठी कोण आहे?"

"त्या म्हणतात, मोठ्यांनीच आधी वाकावं."

"तिला सांगा..."

"मी सांगत नाही जा!" मालकीणबाईंनी पदर खोचला. "तुमचा भाऊ सहा वर्षं हे करतोय? त्याला मी यापुढे सगळ्यात मोठी खोली फुकट देईन. हे बघा, मी दारात उभी राहून आकडे मोजते. तिनाला एकीनं ओढा, एकीनं ढकला. कुणी काय करायचं ते देवाला विचारून ठरवा. एक, दोन, तीन!"

दोघींनी ओढलं.

"एक, दोन, तीन!"

पुन्हा दोघींनी ओढलं. भिंत कण्हली.

"माझं होडी बघणं बुडेल," असं म्हणत मालकीणबाई चपला घालून चालत्या झाल्या. ताईंनी रागानं दाराला आतून कडी घातली. शेजारच्या दाराचीही कडी खट्कन वाजली.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली. ताईंनी गोल खिडकीतून पाहिलं. उतारावर ओंडक्यांच्या रांगेवर बाळची होडी उभी होती, नव्या रंगानं चकचकत. पाणी चढत चढत तिच्या बुडाशी पोचलं होतं. बाळ डोळ्यांवर हात धरून मोटेलकडे टक लावून होता. एवढा आडवातिडवा गडी, पण लहानपणी शाळेच्या फाटकात ताईंची वाट बघत उभा राहायचा, अगदी तसाच दिसत होता.

ताई खणापाशी खाली बसल्या. बोलायचं तर नाहीच. बोललं तर सहा वर्षं पाण्यात. काय करावं? अशा वेळी त्या जे करायच्या तेच त्यांनी केलं. डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. आणि नाव घेता घेता आईच्या पाळण्याची चाल ओठांवर आली. कशी आली ते देव जाणे, पण त्या चालीबरोबर एक नियमही सुचला. अडतीस वर्षं नियम केले होते ना! 'बोलणार नाही' अशी शपथ होती. 'गाणार नाही' अशी कुठं होती? आणि देवाला सांगितलेलं कुणी चोरून ऐकलं तर त्यात आपला काय दोष?

त्यांनी घसा साफ केला.

"देवा रे देवा, शेजाराला कोण आले,
खणाचे शेपूट धरून कालपासून बसलेले,
सांग ना तिला, ओढणे आता पुरे बाई,
भाऊ वाट बघे, आता ढकलायची घाई."

पलीकडून त्याच चालीवर, किंचित नाकातून, उत्तर आलं.

"देवा रे देवा, पलीकडे शाळा भरली,
हुकमाची ती छडी अजून नाही सरली,
सांग ना त्यांना, आधी तुम्हीच ढकला,
मोठेपणाचा द्यावा एकदा तरी दाखला."

ताईंना राग यायला हवा होता. पण चाल इतकी बरोबर लागली होती, की त्यांच्या मांडीवर आपोआप ताल पडला. व्हरांड्यात पावलं वाजली.

"ताई, किल्ली!" एक जाळी विणणारा दार ठोठावत होता. "बाळनं पाठवलंय." त्याला आतून उत्तर मिळालं ते असं:

"देवा रे देवा, पडद्यांवरून रुसली,
खरे बोलले म्हणून सहा वर्षे फुगून बसली."

"देवा रे देवा, खरे बोलावे हळू,
दारातच बोलून का लावावी कळू?"

'कळू' म्हणजे काय हे देवालाही ठाऊक नसावं, पण यमक जुळलं होतं. जाळी विणणाऱ्यानं टोपी काढली आणि 'देवा रे देवा' म्हणत फळीवर ठेका धरला. त्याला शोधायला दुसरा आला, त्यानंही धरला. मग मालकीणबाई आल्या, त्यांनी काउंटरवरची घंटाच आणली. साडेअकराला पाच कमी असताना व्हरांड्यात चाळीस माणसं दाटीवाटीनं डोलत होती, प्रत्येक जण किल्ली न्यायला आलेला, आणि उतारावर होडीपाशी एकटा बाळ उरला होता.

ताईंनी मुठीकडे बघितलं. मूठ धडधाकट होती. त्यांनी डोळे मिटले आणि गायल्या,

"देवा रे देवा, माझी तर मूठच तुटली,
ओढू कशी आता, ओढण्याची गोष्टच मिटली,
नाइलाज म्हणून ढकलते मी बापडी,
सांग ना तिला, ओढ म्हणावं तातडी!"

आणि मनातल्या मनात घाईघाईनं म्हणाल्या, 'देवा, मूठ शाबूत आहे. तुला दिसतंच आहे. एवढं पोटात घाल.'

पलीकडून हुंकार आला. व्हरांड्यानं उचलून धरलं, "देवा रे..." "देवा!" आणि प्रत्येक 'देवा'ला ताई दोन्ही हातांनी ढकलत होत्या, धाकटी ओढत होती. खण तसूभर हलला. पुन्हा तसूभर. तिसऱ्या वेळी घंटा घणघणली, चाळीस जण ओरडले, आणि खण असा सुटला की ताई खांद्यापर्यंत भिंतीत गेल्या. पलीकडे धाडकन काहीतरी पडलं. पाठोपाठ पत्र्याचा डबा गडगडत गेला आणि पांढरा धुरळा उठला.

"अगं, लागलं का गं तुला? डोकं आपटलं का? बोल ना!" ताई भिंतीतून ओरडल्या.

गाणं थांबलं. चाळीस माणसं दाराकडे झुकली.

भोकातून ताईंना बहीण दिसली. जमिनीवर उताणी, पोटावर आख्खा खण, पापण्यांपासून हनुवटीपर्यंत पांढरीफटक, हातात इंजिनाची किल्ली.

"तू आधी बोललीस," ती छताकडे बघत शांतपणे म्हणाली.

"मी खणाशी बोलत होते!"

"खणाला डोकं असतं का?"

"तुझ्यापेक्षा बरं असतं. ऊठ आधी, पाणी उतरेल!"

ताईंनी तिला उठवायला दुसऱ्या खोलीत धाव घेतली, मधल्या वेळेत धाकटी ताईंच्या खोलीत धावली, व्हरांड्यात दोघींची टक्कर झाली आणि ताईंच्या पुढच्या बाजूलाही भरपूर पावडर लागली. टक्कर जरा जास्त वेळ चालली असं नंतर मालकीणबाई सांगत. पण मालकीणबाईंच्याच डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे नीट दिसलं नसेल.

चाळीस माणसं, दोन पांढऱ्या बहिणी आणि एक घंटा धावत उतारावर पोचली, तेव्हा घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. दोघींनी होडीच्या टोकाला हात लावला.

"इकडून ढकल, तिकडून नको," ताई म्हणाल्या.

"ढकलायचं कसं ते आता मला शिकव. तुझी मूठ कुठं तुटली होती? खण माझ्याच पोटावर होता ना!"

"ते माझं नि देवाचं आहे. तू मध्ये पडू नकोस."

होडी ओंडक्यांवरून घरंगळली, पाण्यात एकदा खोल वाकली आणि हलकेच तरंगली. बाळनं दोघींना काखेत धरून वर घेतलं, किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. किनाऱ्यावर टोप्या उडाल्या.

"बाळ, हिला विचार, भावाच्या होडीवर कुणी पावडर लावून येतं का?" ताई सवयीनं म्हणाल्या.

"ती ही बसलीय शेजारी. तूच विचार," बाळ म्हणाला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मिशीतल्या मिशीत हसला.

ताईंनी विचारलं. धाकटीनं उत्तर दिलं. त्या उत्तरावर ताईंचे तीन मुद्दे होते. त्यातल्या पहिल्यावरच धाकटीचे चार निघाले. बाळनं इंजिनाचा आवाज वाढवला. मग त्या दोघींनीही वाढवला.