गळ्यावर आलेला दांडा

मी आक्रा शहराजवळच्या टेशी गावच्या किनाऱ्यावरच्या व्यायामशाळेतला दांडा बोलतोय. लोखंडाला भीती वाटत नाही, असं माणसं धरून चालतात. मला वाटते, आणि हल्ली फार वाटते.

मूळचा मी एका प्रवासी गाडीचा आस. गाडी मोडीत निघाली तेव्हा क्वार्टेई मास्तरांनी मला घासूनपुसून घेतलं. टोमॅटोच्या मोठ्या डब्यांत सिमेंट ओतून ते माझ्या दोन्ही टोकांना चढवले आणि नारळींखालच्या बाकड्यावर मला मांडलं. आक्राच्या खड्ड्यांतून सुटलो म्हणून मी खूश होतो.

मास्तरांचं शास्त्र सोपं होतं. सावकाश उचला, हात मरेपर्यंत उचला, मग आठवडाभर माझ्याकडे बघूही नका. उताण्या गड्याच्या डोक्यामागे एक जण उभा राही. पण खालचा ‘घ्या’ म्हणेपर्यंत त्याने मला बोट लावायचं नाही. आधी लावलं तर शेवटचा, सगळ्यात मोलाचा जोर चोरला, असं मास्तर मानत. डबे हलू नयेत म्हणून ते तारेने आवळत.

मग पलीकडच्या वाळूत आमेर्लीबाई आल्या, हातात घड्याळ घेऊन. उचला, टाका, पळा, परत उचला. दम खाल्ला तो हरला. त्यांच्याकडे मागे कुणी उभं राहत नसे. अडकलात तर दांडा तिरका करायचा, डबे घसरून वाळूत पडतात, माणूस मोकळा. म्हणून त्या तार लावूच देत नसत.

आपापल्या जागी दोघंही बरोबर होते, पण दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. मास्तर म्हणत, बाई माणसं घडवत नाहीत, कोंबड्या पिटाळतात. बाई म्हणत, मास्तरांचे पैलवान जाळं ओढेस्तोवर मासे म्हातारे होतात. त्यात ओकाई हा मच्छीमार, मास्तरांच्या हाताखाली वाढलेला, बाईंकडे गेला. तेव्हापासून त्याने आणलेला मासा मास्तर घरात घेईनात.

शेवटी शर्यत ठरली. दोन्हीकडचा एकेक गडी, आणि दांडा एकच, मी. रविवारी चर्च सुटल्यावर गाव जमलं. आधी मास्तरांचा गडी झाला. त्याच्यासाठी तार आवळली होती. तो उठला आणि ओकाई आडवा झाला. घाईगर्दीत तार तशीच राहिली. ती मला रुतत होती, पण मला तोंड कुठे आहे?

बाईंनी घड्याळ सुरू केलं. मास्तर सवयीने डोक्यामागे जाऊन उभे राहिले. ओकाई झपाझप उचलत होता, लोक टाळ्या पिटत होते. मग त्याचे हात थरथरले आणि मी छातीवर आलो. त्याने मला तिरका केला. डबे हलले नाहीत. पुन्हा तिरका केला, तसा मी घरंगळून त्याच्या गळ्यावर गेलो.

त्याची नस माझ्याखाली उडत होती. उतारावर गाडीचे ब्रेक गेले होते तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो. बाई थांबल्या होत्या, आता डबे टाकेल म्हणून. मास्तर थांबले होते, आता ‘घ्या’ म्हणेल म्हणून. गळा दाबलेला माणूस काय बोलणार?

“म्हण ना रे पोरा,” मास्तर पुटपुटले. “एकदा म्हण.”

ओकाईच्या टाचा वाळू उकरायला लागल्या. तेव्हा मास्तरांनी न विचारता मला धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांचे तळवे थंडगार पडले होते.

ओकाई खोकत उठून बसला. आवाज फुटला तसं पहिलं वाक्य म्हणाला, “हात का लावलात मास्तर? अजून एक उचलला असता मी.”

झालं. तारेने जीव घेतला असता, असं बाईंची माणसं म्हणाली. घाईने घेतला असता, असं मास्तरांची म्हणाली. शर्यतीचा निकाल काही लागला नाही, म्हणून येत्या रविवारी ती पुन्हा आहे. पंच कोण, आधी कोणाचा गडी, मासे कुणाच्या चुलीवर तळायचे, सगळं ठरलंय. तारेचा विषय कुणी काढलेला नाही. खाली ओकाईच झोपणार आहे, आणि त्याचा गळा अजून काळानिळा आहे.

बाबांनो, सावकाश उचला नाहीतर झपाझप, माझं काही म्हणणं नाही. फक्त आडवं होण्याआधी एकमेकांना एवढं विचारा, की अडकलो तर कोण काय करणार? मी लोखंड आहे. मला मधेच थांबता येत नाही.