मास्तरची सीट

धाकट्याने हे काम अलगद थोरलीच्या गळ्यात मारलं होतं. “तुझं ऐकतात ते. मी तोंड उघडलं की अंगावर येतात. बाबांनी परवा पुन्हा कुंपणाला गाडी घासली. किल्ली काढून घे ताई, नाहीतर एक दिवस कुणाच्या तरी जिवावर बेतेल.” एवढं बोलून स्वारी कामावर पसार. शहाणाच तो!

बाबा म्हणजे गाडीमास्तर. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती आणि उरलेलं अर्धं शहर त्या शिकाऊ गाडीला घाबरून फुटपाथवर चढलं होतं. धंदा कधीच गुंडाळला, पण गाडी काही त्यांनी विकली नाही. तिला दोन ब्रेक होते. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी, मास्तरच्या सीटपुढे.

दोघं भावंडं त्याच गाडीच्या मागच्या सीटवर वाढली. आई कामावर, शाळा सुटलेली, मग पोरांना ठेवायचं कुठे? कोंबा मागे! पुढे घामाघूम झालेला शिकाऊ, मागे यांचा गृहपाठ. दोघांचं अक्षर वाकडं झालं ते त्या गचक्यांनीच, असं थोरली अजूनही छातीठोकपणे सांगते. घरादाराला एक खोडही जडली होती. कुणाच्याही गाडीत बसलं की पाय आपोआप खाली दाबला जायचा. आई तर बसमध्येसुद्धा ब्रेक मारायची.

“चल, एक चक्कर मारून येऊ,” बाबाच म्हणाले. थोरली मुकाट्याने मास्तरच्या सीटवर बसली. वाटेत विषय काढू, असं तिने ठरवलं होतं.

पण गाडी सुरू झाली आणि बाबा असे काही खुलले की बोलायची सोयच उरली नाही. पाण्याच्या टाकीचा चढ आला.

“तो शिंपी आठवतो? इथेच गाडी बंद पाडली, खाली उतरला आणि म्हणाला, मास्तर, मी चालत पुढे होतो, तुम्ही या सावकाश.”

“आणि शाळेची भिंत पाडणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई?”

“पाडली कसली! वर्गात वारा येत नव्हता, तो यायला लागला.”

दोघंही खो खो हसली. शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांच्या जागी आता इमारती उभ्या होत्या. तिथल्याच मोकळ्या मैदानात तिने पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं होतं. गाडी आपल्या हाताने वळते म्हटल्यावर तिला वाटलं होतं, आता काहीही वळवू. तो तोरा तिला आजवर पुरला होता, आणि दिला होता तो बाबांनीच. आता त्यांच्याच हातातून किल्ली कशी काढून घ्यायची?

परतताना बाजाराच्या कोपऱ्यावर सायकलवरची एक मुलगी अचानक आडवी आली. गाडी करकचून थांबली. मुलीने डोळे वटारले आणि पुढच्या गल्लीत ती दिसेनाशी झाली.

थोरलीने खाली पाहिलं. तिचा पाय ब्रेकवर होता.

“ऊन डोळ्यांवर होतं,” ती घाईघाईने म्हणाली. “मलाही नीट दिसली नाही.”

“थापा मारू नकोस.” बाबांचा आवाज अगदी शांत होता. “तुझा पाय पोचला. माझा निघालाच नव्हता.”

मागून हॉर्न वाजायला लागले. बाबांनी इंजिन बंद केलं, उतरले आणि बॉनेटचा आधार घेत तिच्या बाजूला आले. “सरक तिकडे.”

तिला रडू फुटलं. जे मागायला आली होती ते न मागता मिळालं होतं आणि ते तिला नको झालं होतं. “बाबा, घरापर्यंत तरी तुम्हीच चालवा ना.”

“त्या पोरीला विचारून ये, मग चालवतो.”

ती सरकली. बाबा मास्तरच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं. “आरसा बघ. मागच्यांना बोंबलू दे. हं, सोड क्लच.”

गाडी हलली. बाबा शेजारी असले की त्यांचा बूट ब्रेकवर टपलेला असायचाच, मग चालवणारी पोटची पोर का असेना. थोरलीने सवयीने तिकडे नजर टाकली. बाबांनी दोन्ही पाय मागे, सीटखाली ओढून घेतले होते आणि ते खिडकीतून बाजार बघत होते.