चार इंच

“सातवं वाच परत,” गाडीखालून काचवाल्याचा आवाज आला.

“सातवं,” दारातल्या खुर्चीवरून त्याची बायको वाचू लागली. “सगळ्या नटांवर तेल सोडा आणि मुरू द्या. घाई करू नका.” ती श्वासासाठी थांबली. “‘घाई करू नका’ मिस्त्री दोनदा म्हणाले, म्हणून मी दोनदा लिहिलंय.”

“त्यांना काय जातंय म्हणायला!”

काचवाला पोत्यावर उताणा पडून तिसऱ्यांदा तेल सोडत होता. पिकअप अठरा वर्षांची झाली होती आणि तिच्या स्प्रिंगच्या पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट गंजून एकजीव झाले होते. तेल मनगटावरून ओघळून बाहीत जात होतं. डोळ्यांत गंजाची भुकटी पडली की तो दंडाला डोळा पुसायचा आणि पुन्हा वर बघायचा.

सव्वीस वर्षं तो खिडक्यांना काचा बसवत आला होता. मापात सुताएवढी चूक नाही आणि गाडी चालवायची तर अशी, की मागच्या काचेला आपण हललो हे कळू नये. “पायी गेलेला माणूस काम उरकून परत येताना आम्हाला वाटेत भेटतो,” असं बायको सगळ्यांना सांगायची. हाताखाली घेतलेली पान्ह्यांची पेटी गॅरेजवाल्या मिस्त्रीची होती. गाडीच्या पोटात शिरायची वेळ त्याच्यावर आजवर आली नव्हती.

पण गेल्या महिन्यात नदीवरचा पूल खचला. पात्रात दगड टाकून कच्चा रस्ता केला होता. त्यावरून खडीच्या उंच गाड्या जात, बाकीच्यांचं पोट दगडांना घासे. दवाखाना पलीकडच्या काठाला होता. बायकोला दर सोमवारी आणि गुरुवारी तिथं डायलिसिसच्या यंत्राला लावावं लागे. सोमवारपर्यंत खरचटत का होईना, गाडी निघत होती. गुरुवारी मात्र मधोमध दगडावर बसली. चाकं हवेत गरगरत राहिली. दोन तास बायको उन्हात बसून होती, आणि खडीवाल्यांनी साखळी लावून गाडी ओढली ती आल्या बाजूलाच. तोवर यंत्रावरचा तिचा नंबर टळून गेला होता. दवाखान्यातली सिस्टर फोनवर म्हणाली, “सोमवारी काहीही करून आणा. काहीही करून. आणि पाणी मोजून द्या.”

अँब्युलन्स पलीकडच्या काठाशी थांबायला तयार होती. पण पात्रातले दगड तुडवत तिथवर जायचं कुणी? बायको मोरीपर्यंत गेली तरी भिंत धरून उभी राही.

तेव्हा मिस्त्रीनंच सुचवलं, की गाडी चार इंच उचलली तर ती निघेल. मागे पाट्याखाली लोखंडी ठोकळे, पुढे एकेक जादा पाटा आणि लांब शॉकअप. सामान त्यानं खडीच्या गाडीतून पाठवलं, सोबत पान्हे, जॅक आणि गाडी तोलून धरायचे लोखंडी घोडेही. स्वतः येऊ शकत नव्हता, त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. मग त्यानं फोनवर सांगितलं आणि बायकोनं पथ्याच्या कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं. एकूण एकवीस कलमं. आज शनिवार होता.

“आठवं?” त्यानं विचारलं.

उत्तर आलं नाही. तो एवढ्या झटक्यात बाहेर आला, की कपाळ गाडीच्या कडेवर आपटलं. ती पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होती. पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आली होती.

“काही नाही,” ती म्हणाली. “जरा दम लागला. रक्त येतंय तुम्हाला.”

“आडवी हो थोडी.”

“आडवं झालं की जास्त लागतो. बसू द्या मला. आठवं, चाकांना विटा लावा. नववं, ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, ते बघा.”

दुपारी त्यानं मागच्या डाव्या बोल्टाला पान्हा लावला. घोडे नंतरच्या कामाला लागणार होते, आता फक्त नट सैल होतात का, हे बघायचं होतं. पहिला हलला नाही. पान्ह्याच्या दांडीवर पाइप चढवून त्यानं सगळा भार टाकला. कड्‌कन आवाज झाला. क्षणभर त्याला वाटलं, सुटला! मग बोल्टाचं तुटलेलं टोक नटासकट त्याच्या पायाशी येऊन पडलं.

त्यानं मिस्त्रीला फोन लावला.

“तुटला? तुटू दे. जुने बोल्ट परत वापरायचे नसतातच.”

“म्हणजे आता आहे तशीही चालवता येणार नाही?”

“नाही. आता बसवायलाच लागेल.” मिस्त्री जरा थांबला. “काचवाले, एकटे आहात. घोडे नीट लावल्याशिवाय खाली डोकं घालू नका. आणि पाट्यांचा मधला बोल्ट शिकंज्यात धरूनच सोडवा, उसळतात ते. वहिनींचं काय?”

“आहे,” एवढंच त्याच्या तोंडून आलं.

त्यानं फोन ठेवला आणि तो चाकाला टेकून मातीत बसला. काच फुटली तर तो दुसरी कापायचा. इथं दुसरं काय कापणार? सोमवार काही हात जोडून थांबणार नव्हता.

बायको भिंतीला धरून बाहेर आली. हळूहळू चालत गाडीच्या डाव्या दाराशी पोचली, दार उघडून उंबऱ्यापाशी हात टेकवला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “आणखी चार इंच वर?”

“हो. मग खाली दगड लागणार नाही. मी मोजलंय.”

“आणि मी चढू कशी?”

तो उठला नाही. दगडांची उंची, धुऱ्याची उंची, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर, सगळं त्यानं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं. सव्वीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन मापं घेणारा माणूस, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिचं माप राहूनच गेलं. गुरुवारीसुद्धा तिला कमरेला धरून उचलावं लागलं होतं, तेही आहे त्या उंचीवर.

“माझी अक्कल...” एवढं बोलून त्यानं तोंडावर हात ठेवले. तेलकट हातांआड त्याचे खांदे हलू लागले.

ती मग म्हणाली, “रडून झालं की टेप घ्या. माझंही माप घ्या.”

घराच्या खिडकीचा गज धरून ती उभी राहिली. तिनं उजवं पाऊल उचललं. ते थरथरत वर आलं आणि थांबलं. त्यानं गुडघ्यावर बसून टेप लावला.

“सात इंच.”

“थांबा, अजून जमेल.”

“नको. सातच धरू. सोमवारी यापेक्षा कमीच असेल.”

हे बोलायला नको होतं, हे त्याला बोलल्यावर कळलं. ती मात्र म्हणाली, “मग सहा धरा. हातचं राखून असावं.”

चार पायऱ्या हव्या होत्या. घरात लाकूड नव्हतं. गाडीच्या हौद्यात काचा टेकवायची लाकडी चौकट होती. आत जाड लोकरीचा नमदा ठोकलेली, त्यानं धंद्याच्या पहिल्या वर्षी स्वतः केलेली. तो करवत घेऊन हौद्यात चढला.

“अहो, ती नको! काचा कशात नेणार मग?”

त्यानं मान वर केली नाही. संध्याकाळपर्यंत पायऱ्या तयार झाल्या. नमदा त्यानं वरून ठोकला, तिचा पाय घसरू नये म्हणून.

रविवारी गाडी घोड्यांवर चढली. बायको वाचत गेली आणि तो करत गेला. चौदाव्या कलमाला शिकंजा निसटला, पाटा उसळून त्याच्या कानाजवळून गेला आणि भिंतीचा पोपडा पाडून थांबला. मग ती म्हणाली, “चौदावं परत वाचते.” तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की ऐकायला त्याला दर वेळी गाडीखालून बाहेर यावं लागत होतं. तिन्हीसांजेला एकविसावं संपलं. ते होतं, “सगळे नट पुन्हा एकदा आवळा.” त्यानं तीनदा आवळले.

सोमवारी ती एकेक पायरी चढली. चौथीवर डोकं त्याच्या खांद्यावर टेकवून थांबली, मग बसली. नदीत त्यानं गाडी काचा भरल्यासारखी चालवली. दगड खालून जात राहिले. एका ठिकाणी काहीतरी घासलं आणि त्यानं श्वास रोखला, पण चाकं जमिनीवरच होती. तिची वेळ दहाची होती; दहाला पाच मिनिटं असताना ते दवाखान्याच्या दारात होते. सिस्टरनं तिचं वजन बघितलं, त्याच्या हातांकडे बघितलं आणि चाकाची खुर्ची आत ढकलली.

दुपार कलताना ते घरी परतले. वाटेत ती एकदाच बोलली होती, “उंचावरून बरं दिसतं हो.” त्यानं इंजीन बंद केलं, हौद्यातून पायऱ्या काढून लावल्या आणि दार उघडलं. ती झोपली होती. आठवड्यात पहिल्यांदाच तिचा श्वास आवाज न करता चालला होता. गुरुवारी पुन्हा जायचं होतं, त्यानंतर सोमवारी, आणि पूल कधी होईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

एवढ्या उंचीवरून तिला झोपेत उतरवणं त्याला जमणारं नव्हतं, आणि उठवावं असं वाटेना. ती कलू नये म्हणून त्यानं दारात उभं राहून तिच्या कुशीला खांदा लावला. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, खडूनं लिहिलेल्या आकड्यांवरून सरकत छपरापर्यंत गेलं. तो तसाच उभा होता.